चौथा भुलभुलैया

"सगळं मोबाईलवर हाय म्हणलीस ना? मग बीडला कावून जायचं?"

अप्पांनी रुद्राणीला तिच्याच शब्दांत पकडलं. हा फास तिनेच विणून सासऱ्यांच्या हाती दिला होता. मानसशास्त्राच्या एम.ए.ला दूरस्थ प्रवेश हवा होता तेव्हा तीच म्हणाली होती, "अप्पा, उंबरा ओलांडायची गरजच न्हाई. व्याख्यानं, पुस्तकं, प्रयोगसुद्धा फुकट मिळतात. गल्ल्यावर बसून शिकते."

आणि ती शिकलीही. चौसाळा गावातल्या घरच्या किराणा दुकानात साबुदाणा तोलता तोलता तिने मोबाईलच्या पडद्यावर मेंदूचं चित्र बोटानं सगळ्या बाजूंनी फिरवून पाहिलं, परदेशी प्राध्यापक ऐकले. नवरा, मन्मथ, पुण्यात नोकरीला. दुकान तिच्यावरच पडलं. दारासमोरून बीडच्या एसट्या जायच्या. ती त्यांची पाठ बघायची.

आता गुरुवारी प्रात्यक्षिक परीक्षा होती, बीडच्या केंद्रावर, समक्ष. चुकली की वर्ष गेलं. तिने तीनदा विचारलं. तिन्ही वेळा अप्पांनी तेच ऐकवलं, वर "दुकानात कोण बसंल?" मग तिने विचारणंच सोडलं.

सराव मात्र सुटला नाही. एका संकेतस्थळावर भुलभुलैयाचा प्रयोग होता. पहिल्या तीन चित्रांत बाहेर पडायची वाट मुद्दाम बंद केलेली, चौथ्यात उघडी. तीनदा अडकलेला माणूस चौथ्यात बोट तरी चालवतो का, ते पाहायचं. माणूस मिळेना, म्हणून तिने अप्पांनाच बसवलं.

"अप्पा, ह्या ठिपक्याला बोटानं बाहेर काढा."

"हे लेकराचं काम गं!" म्हणत अप्पांनी चष्मा चढवला. पहिल्याला ते हसले. दुसऱ्याला मोबाईलला शिवी बसली. तिसऱ्याला कपाळावर घाम आला. भस्माचे पट्टे पुसट झाले. चौथं चित्र आलं तसा त्यांनी मोबाईल साबणाच्या खोक्यावर आपटला.

"न्हाई निघत. तुजं यंत्रच खराब हाय."

"बोट तर लावा."

"लावून काय उपेग? तीनदा बघितलं की!"

रुद्राणीने पेन उचलून निरीक्षण लिहिलं: 'तीनदा अडकले, चौथ्यांदा प्रयत्नच सोडला.' तीनदा. अप्पांच्या नावापुढे लिहिलेलं ते वाक्य तिच्या नावापुढेही बसत होतं.

"अप्पा, मी गुरुवारी बीडला जाते." तिने पेन खाली ठेवलं. "मोबाईलवर सगळं हाय म्हणले, ती माजी चूक. परीक्षा तिथंच हाय."

अप्पांनी चष्मा नीट केला. मग त्यांनी मोबाईल पुन्हा ओढला, चौथ्या चित्रावर बोट ठेवलं. ठिपका दोन वळणं घेऊन बाहेर आला.

"निघालं की गं!" ते लहान पोरासारखे खूश झाले. आणि त्याच दमात म्हणाले, "पर दुकानात कोण बसंल?"

रुद्राणीने किल्ल्यांचा जुडगा कमरेचा काढला आणि त्यांच्या गुडघ्याशी ठेवला. अप्पांनी तो उचलला नाही. परतही दिला नाही.

बाहेर बीडची एसटी थांबून गेली. गुरुवार परवा होता.