सरकीचं माप

"लाइट लावा ना वो! अंधारात कायचं माप घेऊन राहिले?" स्वयंपाकघरातून वच्छला ओरडली.

"लावला हाय. तिथून तुले दिसत नसंन तर मी काय करू?" कवडू म्हणाला, पण उठून खिडकीपाशी गेलाच. ट्यूबलाइटपेक्षा सकाळच्या उजेडावर त्याचा भरवसा जास्त. लाल टोपणाची बारीक सुई त्याने डोळ्यांसमोर उभी धरली, टिचकी मारून बुडबुडा वर घालवला आणि डाव्या हातात भिंग घेतलं. नळीवर चाळीस रेघा. त्यांतली फक्त एक रेघ औषध घ्यायचं. जेमतेम अर्धा थेंब.

"लाभ," तो पुटपुटला.

खाली वाटीत तोंड खुपसून सरकी खात होती. त्याने तिच्या मानेमागची कातडी चिमटीत उचलली, सुई टोचली, काढली. सरकीने कानसुद्धा हलवला नाही.

मापारी कधी 'एक' म्हणत नाही. पहिल्या मापाला 'लाभ', मग दोन, तीन. पांढुर्ण्याच्या बाजारात कवडूने चौतीस वर्षं कापूस तोलला तो असाच मोठ्याने मोजत. माप टाकायच्या आधी रिकाम्या तराजूची दोन्ही पारडी सारखी आहेत का, पासंग तर नाही ना, हे पाहिल्याशिवाय त्याने कधी हात पुढे केला नाही. व्यापारी चिडायचे, "अबे, किती वेळ!" कवडू ढिम्म हलायचा नाही. त्यामुळे तिगावकडचे शेतकरी कवडूच्या काट्यावर गाडी लावून खुशाल चहाला निघून जायचे. माणसाला मिरवायला काहीतरी लागतंच. कवडूकडे एवढंच होतं, आणि ते त्याला पुरत होतं.

सरकी त्याला बाजारातच सापडली, निवृत्तीच्या वर्षी. कापसाच्या ढिगात कापसाच्या बीसारखंच करडं-पांढरं, लव चिकटलेलं, मुठीएवढं मांजरीचं पिल्लू. दुसरं नाव सुचणार तरी काय? मूलबाळ नसलेल्या घरात अकरा वर्षं तिने राज्य केलं. मग मागच्या उन्हाळ्यात ती वाट्याच्या वाट्या पाणी प्यायला लागली. राक्षसासारखी खायची आणि वाळत जायची.

"हे तर माह्यावानीच करून राहिली," वच्छला म्हणाली. तिला स्वतःला शुगर होऊन नऊ वर्षं झाली होती.

संत्र्याच्या कॅरेटमध्ये बसवून, वरून वच्छलेचं जुनं लुगडं बांधून त्यांनी सरकीला बसने सौसरला नेलं. तिथे श्रुती मॅडम, जनावरांच्या तरुण डॉक्टर. त्यांनी रक्त तपासलं आणि सांगितलं, "काका, हिला डायबिटीस आहे. इन्सुलिन द्यावं लागेल. एक युनिट सकाळी, एक संध्याकाळी. आधी खाणं, मग सुई. कमी पडलं तर एक वेळ चालेल, जास्त मात्र नको. आणि ही बाटली अन् ही लाल टोपणाची सुई, यांची जोडी. जोडी मोडायची नाही."

"मापाचं मले नका सांगू, मॅडम," कवडू हसून म्हणाला होता.

खरी गंमत पुढेच झाली. वच्छलेलाही दोन वर्षांपासून डॉक्टर इन्सुलिन घ्या म्हणत होते आणि ती ऐकत नव्हती. "माह्या मायले सुई लागली आन सहा महिन्यांत गेली. मले नाई लागत सुई." कवडूने समजावलं, रागावला, दोन दिवस अबोला धरला. काही उपयोग नाही. तिच्या पायाची जखम महिना महिना भरत नव्हती. रात्री तिचा श्वास चालू आहे ना, हे तो हळूच पाहायचा. सरकीला सुई सुरू होऊन आठवडा झाला असेल. एका संध्याकाळी वच्छला आपणहून पाटावर येऊन बसली.

"त्या मुक्या जिवाले समजते, आन मले नाई समजत का? टोचा."

तेव्हापासून कवडूची दोन मापं. सरकीची एक रेघ, आणि वच्छलेचं पेनसारखं इन्सुलिन. त्याचं चाक टक टक फिरवायचं, चौदा टक. जखम भरली. मांजरीच्या अंगावर मांस आलं. आपली बायको एका मांजरीने वाचवली, हे कवडू कोणाजवळ बोलला नाही. पण दुधावरची साय तो सरकीच्या नावाने वेगळी काढू लागला, आणि मॅडमनी साय बंद करायला सांगितली तेव्हा त्याला अगदी अपराध्यासारखं झालं.

असं सगळं सुरळीत चाललेलं, आणि पोळ्याचा दुसरा दिवस उजाडला.

गोटमारीचा दिवस, नदीच्या दोन काठांवरची माणसं एकमेकांवर दगड फेकतात तो. नदीकडचे रस्ते अडवलेले, बाजार बंद, मेडिकलचीही शटरं खाली. सरकीने अर्धीमुर्धी वाटी खाल्ली. कवडूने फ्रिज उघडला. आदल्या दिवशीच्या पुरणपोळीचं तूप बोटांना होतं की काय, देव जाणे, सरकीच्या औषधाची बाटली निसटली आणि फरशीवर फुटली.

"जाऊ द्या," वच्छला म्हणाली. "एक टाइम नाई देली तर काय होते?"

"आजवर एक नागा नाई माहा."

फ्रिजच्या दारात वच्छलेचं पेन होतं. इन्सुलिन ते इन्सुलिन, माणसाचं तेच मांजरीचं, असं मॅडमच बोलल्या होत्या की! त्याने सरकीची लाल टोपणाची सुई पेनच्या रबरात खुपसली, नेमकी एक रेघ ओढली, भिंगातून पाहिली. केसाचाही फरक नव्हता. "लाभ," म्हणाला आणि टोचली.

दोन तास झाले असतील. नदीकडून माणसांचा गलका येत होता. सरकी पलंगाखालून बाहेर आली ती झोकांड्या खात. मागचे पाय फाकले, मान खाली लोंबली, डोळे बटाट्यासारखे मोठे. दोन पावलं चालली आणि कुशीवर पडली.

"अवं माय! साप चावला इले!" कवडू ओरडला. "वच्छे, धाव!"

वच्छला आली. तिने सरकीचे डोळे पाहिले, थरथरणारा पंजा हातात धरला, आणि ती एकदम शांत झाली.

"साप नाई वो. शुगर उतरली इची. लोधीखेड्याच्या लग्नात मले झाल्तं, आठोते ना? पाय असेच गेल्ते माहे. आतून कसं वाटते थे मले मालूम हाय. गूळ आना. पानी घाला त्याच्यात. पया!"

पंचाहत्तरीकडे निघालेला माणूस धावला. वच्छलेने मांडी घातली, सरकीला घेतलं आणि गुळाचं दाट पाणी बोटाने तिच्या हिरड्यांना चोळायला लागली. "घशात नाई वतायचं, ठसका लागंन. असं चोळायचं. चाट माय, चाट." कवडूने मॅडमना फोन लावला. त्यांनी ऐकून घेतलं. "काकू करतायत ते अगदी बरोबर आहे. दर पाच मिनिटांनी चोळत राहा. मी फोनजवळच आहे."

पाऊण तास गेला. कवडूने आयुष्यात देवाला फार त्रास दिला नव्हता, त्या पाऊण तासात सगळा देऊन घेतला. शेवटी सरकीची जीभ बाहेर आली. वच्छलेचं बोट तिने आपणहून चाटलं, मान उचलली आणि तुटक आवाजात ओरडली.

"बाप्पा!" वच्छला म्हणाली, आणि तेव्हा कुठे तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. "भूक लागली वाट्टे सटवीले."

सरकीने थोडं खाल्लं, तसा मॅडमचा पुन्हा फोन आला. "काका, आज औषध नेहमीचंच होतं ना?"

कवडूने सांगितलं.

"पेनवर काय आकडा लिहिलाय, वाचा बरं."

त्याने भिंग लावलं. मिलिलिटरला शंभर युनिट. मग फुटलेल्या बाटलीचं लेबल कचऱ्यातून काढलं. चाळीस. मॅडमना पुढे बोलावं लागलंच नाही. एका रेघेत अडीच रेघांचा माल गेला होता. पारडं रिकामं असताना पाहायचं असतं, ते त्याने पाहिलं नव्हतं. पासंग पाहिला नव्हता, त्याने, कवडूने.

"नुसतं जोडी मोडू नका म्हटलं, का ते मी सांगायला हवं होतं," मॅडम म्हणाल्या. "आज काही देऊ नका. उद्या नवी बाटली आणा आणि संध्याकाळपासून पुन्हा एक युनिट."

त्या संध्याकाळी वच्छला पाटावर येऊन बसली. कवडू जागचा हलला नाही.

"मी नाई देत."

"मंग कोन देईन?"

"शेजारची डिंपल देईन. नर्स हाय थे."

"मी कोनाच्या हातची नाई घेत," वच्छला म्हणाली आणि उठून गेली.

तशी ती हट्टाची पक्की. सुई त्या संध्याकाळी नाही, दुसऱ्या सकाळीही नाही. दुपारी कवडू बाटली घेऊन आला तर वच्छला भिंतीला टेकून बसलेली, ओठ सुकलेले, तिसरा तांब्या पाणी पीत. मशिनवर आकडा तीनशे बारा. त्याचं काळीज हललं. पण हात? हातावरचा विश्वास उडाला होता त्याला काय करायचं? मांजर होती म्हणून गुळावर निभावलं. उद्या वच्छलेच्या मापात चूक झाली तर?

संध्याकाळी ती आली. काखेत सरकी, हातात ताट. ताटात नवी बाटली, सुई, पेन, भिंग. सरकीपुढे वाटी ठेवली आणि ती पाटावर बसली.

"मोजा."

"वच्छे, जबरदस्ती नको करू. मी चुकलो."

"हाव, चुकले. म्हून तर तुमाले मालूम हाय, चूक कोठी बसून असते. डिंपलले थे मालूम नाई." तिला धाप लागली. "चौतीस वर्षं लोकं तुमच्या काट्यावर माल सोडून चहाले जात. मी तर कोठी जाऊन नाई राहिली. इथंच बसतो. तुमी मोजा, मी पायतो."

कवडूने बाटली उचलली. भिंग लावलं आणि मोठ्याने वाचलं, "चाळीस."

"चाळीस," वच्छला म्हणाली.

"सुई. लाल टोपण. चाळीस."

"चाळीस."

पासंग नव्हता. त्याने खिडकीशी जाऊन एक रेघ ओढली. सरकी वाटी चाटून पुसून वर पाहत होती. काल ज्या हाताने तिला जवळजवळ मारलं, त्याच हाताला तिने डोकं घासलं. कवडूचे ओठ हलले, आवाज निघेना.

"बोला ना," वच्छला म्हणाली. "मोजल्याबिगर घेत नसते थे."

"लाभ," कवडू म्हणाला. सुई गेली, निघाली. सरकीने कान हलवला नाही.

मग त्याने पेन घेतलं, आकडा वाचला आणि चाक फिरवलं. प्रत्येक टक तो मोठ्याने मोजायला लागला, पूर्वी भर बाजारात मोजायचा तसा. लाभ, दोन, तीन, चार. पाचावर त्याचा आवाज फाटला. सहा वच्छलेने म्हटलं. सात दोघांनी मिळून. चौदापर्यंत दोघं तसेच मोजत गेले, आणि चौदा झाल्यावर वच्छलेने पोटावरचा पदर बाजूला केला आणि डोळे मिटून घेतले.