मेलेलं माकड दिसलं होतं का?

माकड बाबूने मारलं नव्हतं, हे आधीच सांगितलेलं बरं. संक्रांतीनंतरच्या आठवड्यात ते त्याला काजूच्या बागेत मेलेलंच सापडलं. पण पुढे त्याचं जे केलं ते त्याने स्वतःच्या हाताने आणि हसत केलं.

बाग दत्तप्रसादची. दत्तप्रसाद राहतो तारकर्लीला, तिथे पर्यटकांना खोल्या देतो, आणि रविवारी गाडी घेऊन कसालच्या वरच्या अंगाला ह्या डोंगरावर येतो. बाकीचे सहा दिवस बाग बाबूच्या राखणीत. राखण कसली, तर माकडांपासून. मोहोर ओरबाडायचा, कोवळी बी चावून फेकायची, पत्र्याचा डबा वाजला की शेजारच्या बागेत पळायचं आणि डबा थांबला की परत यायचं. तीन वर्षं बाबू डबा बडवत होता. माकडांचा त्याला राग होता आणि तो राग खोटा नव्हता.

कुळथाच्या मळ्यात मेलेला कावळा काठीला टांगतात, मग बाकीचे कावळे फिरकत नाहीत. बाबूने तोच उपाय माकडाला लावला. सुंभाने पाय बांधले आणि बागेच्या मधोमध, सगळ्यात मोठ्या काजूच्या फांदीला ते उलटं टांगलं.

त्या झाडाखाली बायका पातेरो काढत होत्या. पातेरो म्हणजे झाडाखाली साचलेला सुका पाला. बी गळायच्या आधी जमीन झाडून साफ करावी लागते, नाहीतर बी पाल्यात हरवते. झाडायचं बायकांनी आणि मजुरी म्हणून तोच पाला न्यायचा. गोठ्यात गुरांखाली पसरायला, आणि तरवा, म्हणजे भाताची रोपं, पेरायच्या आधी जमीन भाजायला. मालकाला वाटतं बाग फुकट साफ झाली, बायकांना वाटतं पाला फुकट मिळाला. तिघी होत्या. बाबूची बायको यशोदा, शेजारची शर्मिलाकाकी आणि तिची सून किशोरी.

शर्मिलाकाकी वर बघून म्हणाली की हे मारुतीचं जनावर, खाली उतरव, खड्डा काढ, मूठभर माती आणि एक फूल घाल.

"मारुतीन लंका जाळल्यान," बाबू म्हणाला, "हेनी माजी बाग खाल्ल्यान. ऱ्हवांदे थंयच, भावकीक दिसांदे."

किशोरी हसली. यशोदाही हसली. रविवारी दत्तप्रसाद आला, तोही हसला आणि मोबाईलवर फोटो काढून घेतला. खाली बायका वाकून हातांनी पाला ओढत होत्या, जुन्या चादरीत बांधत होत्या आणि भारा डोक्यावर घेऊन घरी नेत होत्या.

माकड टांगल्यापासून आठव्या दिवशी यशोदाला ताप भरला. डोकं फुटेल असं दुखणं, कंबर मोडलेली, डोळे लाल. हिरड्यांतून रक्त आलं तेव्हा बाबूने रिक्षा केली आणि तिला सरकारी दवाखान्यात नेलं.

तिथली डॉक्टर अक्षया वयाने लहान, पण डोळ्यांनी तीक्ष्ण. तिने यशोदाची काख बघितली, गुडघ्यामागे बघितलं, आणि कमरेजवळ साडीची गाठ बसते तिथे तिळाएवढी गोचीड सापडली. चिमट्याने काढून तिने ती बाटलीत टाकली. मग बाबूकडे वळली.

"मेलेलं माकड दिसलं होतं का कुठे? बागेत, रानात?"

"नाही हो मॅडम," बाबू म्हणाला.

पाला कुठे काढते विचारलं, तर म्हणाला घरामागच्या परड्यात.

यशोदा खाटेवर जागी होती. तिने दोन्ही उत्तरं ऐकली.

यशोदाच्या तापाचं कळून सकाळीच दत्तप्रसादचा फोन येऊन गेला होता. माकडाचं नाव काढलंस तर जंगलखात्याची माणसं तूच मारलंस म्हणतील आणि आत टाकतील, असं त्याने बाबूला समजावलं होतं. माकडांवरच्या गोचिडीतून येणाऱ्या माकडतापाचं नाव समुद्रापर्यंत पोचलं तर ऐन हंगामात आपल्या खोल्या रिकाम्या राहतील, हे काही त्याने समजावलं नाही. बाबूला तुरुंगाची भीती पुरली.

यशोदाचं रक्त तपासायला लांब पाठवलं. तोवर थांबायला नको म्हणून आरोग्यखात्याची माणसं आली आणि बाबूच्या परड्यात पावडर मारून गेली. परड्यात दोन केळी आणि एक तुळस. वर बागेत किशोरी आणि तिची सासू पाला झाडत होत्या.

यशोदाला दाखल केल्यापासून चौथ्या दिवशी किशोरी पेज घेऊन दवाखान्यात आली. आल्या आल्या थट्टा सुरू.

"वयनी, तुज्या वाट्याचो पातेरो येगळो रचून ठेवलंय. फुकट नाय हां. बरी झालंस की माजो भारो तू व्हावूचो."

"खंयच्या झाडाखालचो?" यशोदाने विचारलं.

"त्या मोठ्या झाडाखालचो. थंय पालो दाट."

यशोदाने बोलायला तोंड उघडलं. खाटेच्या पायथ्याशी बाबू उभा होता. तो किशोरीला म्हणाला की तिला जास्त बोलायला लावू नको, दम लागतो. यशोदाने तोंड मिटलं. किशोरीने तिचे केस विंचरले, डबा धुतला आणि मान खाजवत बस पकडायला गेली.

पाचव्या दिवशी सकाळी बाबू चहाला बाहेर गेला. डॉक्टर अक्षया नाडी बघायला आली तेव्हा यशोदाने तिचा हात धरला.

"मॅडम, माकड होतं. आमच्या ह्यांनी झाडाला टांगलं. त्याच्याखाली बायका अजून झाडतायत."

डॉक्टरने आधी आरोग्यखात्याला फोन केला, मग बोलली. अंग गार पडलं की गोचीड मेलेल्या माकडावर राहत नाही, खाली उतरते आणि ऊबदार अंगाची वाट बघते. झाडाला टांगलं म्हणजे तुम्ही ती खालच्यांच्या डोक्यावर पेरलीत. ह्या तापावर नेमकं औषध नाही, फक्त माणसाला जपता येतं. आणि माणसांना त्या जागेपासून लांब ठेवता येतं.

दुपारपर्यंत बाग बंद झाली. अंगभर झाकलेली माणसं माकड पिशवीत घालून घेऊन गेली. दोन दिवसांनी किशोरीला ताप आला.

यशोदा बाराव्या दिवशी घरी परतली, भिंतीला धरून चालत. किशोरीला त्याच आठवड्यात गोव्याच्या मोठ्या इस्पितळात नेलं होतं. तिचा नवरा मालवणहून होडीवरचं काम सोडून धावला. तापाच्या नवव्या दिवशी ती नाकातोंडातून रक्त जाऊन मेली. सव्वीस वर्षांची होती.

आता वाडीचं ऐका. बाग बंद, शेजारच्या दोन बागाही बंद, रचलेला सगळा पाला सरकारी माणसांनी जागच्या जागी जाळला. तरव्याची जमीन भाजायची कशाने? दोष कोणाला, तर तोंड उघडणाऱ्या यशोदाला. नळावर तिची कळशी बघून बायका गप्प होतात. बाबूच्या पुढे मात्र पुरुष तंबाखूची डबी धरतात, बिचाऱ्याला केवढा त्रास म्हणतात. त्रास काय झाला, तर जंगलखात्याच्या माणसाने एक जबाब लिहून घेतला, सही घेतली आणि जा म्हणाला. तुरुंग तो एवढाच.

किशोरीच्या बाराव्याला यशोदा तिच्या घरी गेली. कोणी ये म्हटलं नाही, कोणी जा म्हटलं नाही. माणसं पांगल्यावर शर्मिलाकाकी पडवीत तिच्यासमोर येऊन बसली.

"कितव्या दिसा सांगलंस?"

"पाचव्या."

"आणि माजी सून तुका पेज घेवन इली, तो दिस कितवो?"

"चवथो, काकी."

"पयल्या दिसा सांगलंस आसतं तर?"

किशोरीला गोचीड नक्की कोणत्या दिवशी चावली हे कुणालाच ठाऊक नाही, असं डॉक्टर म्हणाली होती. यशोदाला ते सांगता आलं असतं. ती म्हणाली, "तर दुसऱ्या दिसापासून ती वर गेली नसती."

शर्मिलाकाकीने बाबूच्या घराकडे बोट केलं.

"तू उशिरा तरी सांगलंस," ती म्हणाली. "तेका धाड. हयसर येवन माज्या तोंडार सांगांदे."

यशोदाने घरी येऊन बाबूला निरोप दिला. तो म्हणाला, जातो, पाहुणे जाऊ देत. पाहुणे गेले. मग म्हणाला, सोमवार जाऊ दे. मग म्हणाला, दत्तप्रसाद नको म्हणतो, गेलं की कबूल केल्यासारखं होतं.

यशोदा आता त्याच्याशी बोलत नाही. सकाळी उठून ती शर्मिलाकाकीच्या गोठ्यातलं शेण काढते आणि परत येते. दोन्ही घरांच्या मध्ये दगडांचा एक गडगा आहे, कमरेएवढा.

निरोप दिल्याला आज एकविसावा दिवस. बाबू गेलेला नाही.