आधी कोण म्हणेल

पक्षाघातातून लीवाय बेअरपॉ उठले, पण त्यांची इंग्रजी काही उठली नाही. उरली ती नुसती चेरोकी, अमेरिकेतल्या त्यांच्या आदिवासी जमातीची भाषा, जिच्यापायी त्यांनी लहानपणी शाळेत छड्या खाल्ल्या होत्या. पोरीच्या वाट्याला तो मार नको म्हणून त्यांनी तिला एक शब्दही शिकवला नव्हता. आता पन्नाशीची व्हर्ना आणि तिचे वडील एका टेबलाशी जेवत, आणि दोघांत बोलायला भाषाच नव्हती. याला काय म्हणावं!

व्हर्नाने टाल्हेक्वा गावातल्या चेरोकीच्या संध्याकाळच्या वर्गात नाव घातलं. कॉफीला कावी, पावाला गाडू, इथवर ठीक चाललं. मग एकदा वडिलांनी 'आमा' मागितलं आणि तिने लगबगीने मिठाची बाटली पुढे केली. शेजारच्या ऑलीमावशींची हसून हसून पुरेवाट झाली.

"अगं बाई, पाणी मागतायत ते! मीठ पण आमाच, पण हेल वेगळा. तहानेने मारतेस की काय म्हाताऱ्याला?"

लीवाय हसले नाहीत. त्या दिवसापासून त्यांनी मागणंच सोडलं, नुसतं बोट दाखवायचे. व्हर्नाला धास्ती पडली. बाबा असेच कायमचे गप्प झाले तर?

नाताळ तोंडावर आला. पूर्वी त्या दिवशी बंदुकीचे बार काढत, म्हणून चेरोकीत नाताळ म्हणजे 'दानिस्दायोहिहं', बार काढायचा दिवस. सकाळी भेटताच जो हे आधी म्हणेल, त्याला समोरच्याने काहीतरी द्यायचं. व्हर्ना भांडी घासताना, गाडी चालवताना तेच घोकायची.

"शब्द गिळू नकोस गं," ऑलीमावशी करवादायच्या, "जेवायला बसली नाहीस!"

नाताळच्या सकाळी बाबांच्या खोलीचं दार ढकलून ती एका दमात म्हणाली, "दानिस्दायोहिहं!"

लीवाय दचकले. त्यांनी खिसे चाचपले. रुमालाशिवाय काही नव्हतं.

"राहू द्या हो बाबा," ती सवयीने इंग्रजीत म्हणाली आणि ओशाळली.

त्यांनी तिचं मनगट धरलं. "आग्वेत्सी."

माझं लेकरू. वर्गात शिकलेला हा शब्द तिला आजवर कुणी म्हटलाच नव्हता. तिचे डोळे भरून आले.

"एडोडा," ती म्हणाली. माझे बाबा.

लीवायनी मान हलवली. उच्चार चुकला होता. त्यांनी तो सावकाश म्हणून दाखवला, आणि तिला पुन्हा म्हणायला लावलं.