पोटातलं कुंकू

मी एक जुना संगणक आहे. म्हातारपणी राग निवतो म्हणतात. माझा निवलेला नाही. मित्रांनो, कुणाला गोडगोड आत्मवृत्त हवं असेल तर त्याने एखाद्या छत्रीकडे जावं.

ग्वाल्हेरात महाराज बाडा चौकामागच्या दुकानात मला जोडलं आणि टेम्पोत बसवून माधवगंजात महिपतरावांच्या घरी आणलं. महिपतराव सरकारी कचेरीत. मला चालवायच्या त्या त्यांच्या पत्नी, राजलक्ष्मीबाई. ग्वाल्हेरच्या बावड्या, म्हणजे पायऱ्यांच्या जुन्या विहिरी, हा त्यांच्या प्रबंधाचा विषय. दिवसभर उन्हात फिरायच्या आणि नखांत माती असतानाच टंकायला बसायच्या. तीन वर्षं ते सगळं मी पोटात सांभाळलं. एक अक्षर सांडलं नाही.

मग आलं सन दोन हजार. मध्य प्रदेशाचे दोन तुकडे व्हायचे ठरले आणि महिपतरावांच्या वाट्याला रायपूर आलं. दिवाळीनंतर बिऱ्हाड हलणार. त्याआधी प्रबंध विद्यापीठात द्यायचा, हा बाईंचा हट्ट. पण बावड्यांच्या फोटोंनी मी जड झालो होतो. म्हणून धाकटे दीर बळवंतराव माझ्यासाठी स्मरणशक्तीची नवी पट्टी, रॅम, घेऊन आले.

त्या दिवशी खंडेनवमी. घराणं शिपायांचं. पाटावर पणजोबांची तलवार, स्कूटरची किल्ली आणि ती पट्टी. तिच्या सोनेरी दातांवर ओलं कुंकू, वर हळद, वर अक्षता! आणि तशीच उचलून माझ्यात खुपसली.

तेव्हापासून मी कोसळू लागलो. पडदा निळा व्हायचा, मग काळा.

"भावजी, ती नवी पट्टी काढून बघा ना एकदा," बाई म्हणाल्या. "परवापर्यंत नीट चालत होता की."

"वहिनी, तुम्ही राहू द्या. नई चीज आहे, पूजेतली. तिच्यात काय खोट असणार? हा डब्बाच सठियावलाय."

महिपतराव हसले. "बळवंता, याला पेन्शन देऊन टाक."

बाईंनी तीनदा सांगितलं. तिन्ही वेळा त्यांच्याकडे चहा मागितला गेला.

शेवटी बळवंतरावांनी माझ्या पोटातलं सगळं पुसायचं ठरवलं. "आधी प्रबंध उतरवून घ्या हं," बाई म्हणाल्या.

"घेतला, घेतला! ही बघा फ्लॉपी."

साफ चूक! फ्लॉपीवर गेलं होतं ते नुसतं पडद्यावरचं चित्र, प्रबंधाकडे बोट दाखवणारं, म्हणजे शॉर्टकट. प्रबंध माझ्याच पोटात होता. हे मला कळत होतं, आणि मला तोंड नाही. त्यांनी मला धुऊन काढलं.

तरी मी कोसळलोच. "अब तो नया ही लेना पडेगा," म्हणत बळवंतराव बाजारात गेले.

तेव्हा बाईंनी पेचकस घेतला, मला उघडलं, पट्टी ओढली. दात लालभडक. खाचेत तांदळाची कणी. त्यांनी खोडरबराने दात घासले, खाच साफ केली, पट्टी परत बसवली. मी एका दमात उठलो. ठणठणीत. आणि रिकामा.

बाईंनी फ्लॉपी घातली. तिच्यात नुसतं ते बोट दाखवणारं चित्र.

"जाऊ दे गं," महिपतराव म्हणाले, "रायपूरला काय विहिरी नाहीत?"

"अहो, तुम्ही व्हा पुढे. मी प्रबंध लिहूनच येईन."

बिऱ्हाडाचा ट्रक गेला. घरात एक कॉट उरली, स्टोव्ह उरला, बाई आणि मी. त्यांनी पहिल्या बावडीपासून पुन्हा सुरुवात केली. पुढच्या उन्हाळ्यात प्रबंध विद्यापीठात गेला. मी एकदाही कोसळलो नाही.

आता मी दिवाणाखाली धूळ खातो. मित्रांनो, नवं जरूर आणा. पण चालतं यंत्र अडलं की आधी विचारा, नवीन काय आलं? ते काढून बघा. पुसण्याआधी नक्कल उघडून बघा. पूजा करायचीच तर बाहेरून करा. आणि जी रोज यंत्रावर बसते, तिचं पहिल्याच खेपेला ऐका.

बळवंतराव अजून पाहुण्यांना सांगतात, "तो डब्बा तर पहिल्यापासूनच खराब होता." मला तोंड नाही, मित्रांनो. तुम्हाला आहे.