शाम्याला घर पाहताना

मोहिनीची सुपारी फुटली आणि आठच दिवसांनी तिचे वडील खंडेराव, म्हणजे नाना, भिमाजीच्या टेम्पोतून एक कुत्रा घेऊन मळ्यात उतरले. सत्त्याण्णव सालचा मार्च होता. त्या वेळी मखमलाबादला रस्त्याच्या दोन्ही अंगांना गुलाबाचे वाफे होते आणि सकाळी सायकलवरून जाणारा माणूससुद्धा अंगाला वास घेऊन शहरात शिरायचा. मोहिनी ओट्यावर फुलांच्या जुड्या बांधत बसली होती. टेम्पोचं फाळकं पडलं आणि आतून वासराएवढं, फिकट बदामी रंगाचं जनावर एकेक पाय जपून टाकत खाली आलं. त्यानं चहूकडे पाहिलं, सरळ ओट्याशी येऊन तिच्या हातातली जुडी हुंगली आणि एक दणदणीत शिंक दिली.

"नाना, हे काय आणलंय?" मोहिनी मागे सरकली.

"कुत्रा."

"ते दिसतंय. पण कशाला?"

"राखणीला," नाना म्हणाले. "तू चालली दिंडोरीला. पहाटे चारला माझ्यासंगं मळ्यात कोण उठणार हाय आता?"

ते सहज बोलले, पण मोहिनीच्या ते मनाला लागलं. बारा वर्षांची असल्यापासून ती नानांबरोबर पहाटे फुलं तोडायला जायची. पोरीच्या जागी कुत्रा आणला, एवढंच तिला त्यातून ऐकू आलं. तिनं दोरा दाताने तोडला आणि पुढची जुडी घेतली.

कुत्रा देवळाली कॅम्पातल्या एका कर्नलच्या बायकोचा. नाना बारा वर्षं त्यांना गुलाबाची कलमं आणि फुलं पुरवत होते. कर्नल वारले, बाई बंगलोरला लेकीकडे चौथ्या मजल्यावर राहायला निघाल्या, आणि कुत्रा कुणाला द्यायचा म्हणून रडत बसल्या होत्या. नानांनी विचार केला नाही, दोरी हातात घेतली. त्याचं नाव होतं सॅमसन. मोहिनीची आई मंगलाबाई हिच्या जिभेवर ते दोन दिवस सामसन, शामसन असं घोळलं आणि तिसऱ्या दिवशी त्याचा शाम्या झाला.

नाव ठेवलं म्हणून मंगलाबाईची भीती गेली नव्हती. "घरात त्याचं एक पाऊल पडलं, तर मी सिन्नरला माहेरी जाईन," तिनं बजावलं. घर दोन खोल्यांचं, ओट्यावर फुलांच्या पाट्या. शाम्या आंब्याखाली बांधला, तर सावली सरकली की आखूड केसांतून त्याची कातडी तापायची आणि तो धापा टाकत दोरी ताणायचा.

"एवढं मोठं जनावर, झाडाखाली किती दिवस ठिवायचं?" नाना म्हणाले. "त्याला घर पाहू."

भिमाजी शेजारच्या मळ्यातला, नानांचा जुना दोस्त. तो खो खो हसला. "पोरीला घर पाहून झालं, आता कुत्र्याला पाहा!"

मोहिनीच्या लग्नाच्या ब्लाऊजांसाठी आणलेली टेप घेऊन मापं काढली. टेप धरायचं काम मोहिनीकडेच आलं. उभा राहिला की खांद्यापर्यंत तेहतीस इंच. आडवा पसरला की टेपच पुरेना. शाम्याला वाटलं आपले लाड चाललेत. तो तिच्या पायावर अंग टाकून मोकळा झाला आणि तिला दहा मिनिटं हलता येईना.

सगळ्यात आधी ते कॅनडा कॉर्नरजवळच्या दुकानात गेले. तिथं पोपट, काचेच्या पेट्यांतले मासे आणि प्लायवूडची लाल छपराची छोटी घरं होती. दुकानदारानं त्यांतलं सर्वांत मोठं पुढे ओढलं. "यात कुठलाही कुत्रा राहतो," तो म्हणाला. नानांनी टेम्पोतून शाम्याला आणलं. शाम्यानं आज्ञाधारकपणे दारातून डोकं घातलं, खांदे कसेबसे कोंबले, आत काही नाही असं पाहिलं आणि उठून उभा राहिला. घर त्याच्याबरोबर उठलं. ते अंगावर घेऊन तो चार पावलं रस्त्यावर आला. रिक्षावाले थांबले, दुकानदार बोंबलत मागे धावला. भिमाजी आणि नानांनी मिळून घर काढलं तेव्हा मोहिनी टेम्पोच्या चाकाला टेकून हसत होती. सुपारी फुटल्यापासून ती पहिल्यांदा हसली होती.

मग सातपूरला धोंडीरामच्या वेल्डिंगच्या शेडमध्ये. धोंडीराम खिडक्यांच्या जाळ्या आणि कोंबड्यांचे पिंजरे बनवायचा. त्यानं लोखंडी पाइपांचा, वर पत्रा ठोकलेला एक पिंजरा दाखवला. "वाघ ठेवा ह्यात. हलायचा नाय."

नाना स्वतः आत शिरले आणि गुडघे पोटाशी घेऊन बसले. धोंडीराम मोहिनीकडे बघायला लागला. थोड्या वेळानं नाना घामाघूम होऊन बाहेर आले. "भाजतंय आत. एप्रिल तर अजून यायचाय. आन् कडी बाहेरनं?"

"मग काय आतनं लावू?"

"राखणीला आणलाय तो. कैदी थोडाच हाय."

शेवटी अंबडला एका भंगारवाल्याकडे त्यांना मनासारखं सापडलं. कुठल्याशा कारखान्यात परदेशातून मशीन आलं होतं, त्याचा देवदारचा खोका. माणूस उभा राहील एवढा उंच, फळ्यांना राळेचा गोड वास. नानांनी तो आणला, तळाला विटा दिल्या, एका बाजूला दार कापलं, वर ताडपत्री मारली आणि विहिरीच्या कोपऱ्यात, पाठ घराकडे आणि तोंड गुलाबांकडे करून ठेवला. म्हणजे राखण नीट होईल. घर एवढं ऐसपैस झालं की भिमाजी म्हणाला, "मीच येतो राहायला."

शाम्या मात्र आत जाईना. आत भाकरी-दूध ठेवलं, तर मागचे पाय बाहेर ठेवून, मान लांबवून खायचा आणि उलटा निघायचा. रात्री खोक्याला पाठ लावून बाहेर मातीत झोपायचा, तोही ओट्याच्या दिशेनं तोंड करून. पाच दिवस नानांनी गोंजारून पाहिलं, रागावून पाहिलं. सहाव्या दिवशी सकाळी खोक्याशी तुटलेली दोरी होती. शाम्या नव्हता.

पाटाच्या कडेनं, म्हसरूळपर्यंत, हनुमानवाडीपर्यंत शोधलं. एवढा मोठा कुत्रा हरवतो कसा, म्हणून लोक हसले. नानांनी दुसऱ्या दिवशी फुलं बाजारात पाठवली नाहीत. दुपारी ते न जेवता ओट्यावर बसले, तेव्हा मोहिनी म्हणाली, "नाना, देवळालीला बघून येऊ."

"अगं, अठरा-वीस किलोमीटर हाय. मधी नदी, मधी आख्खं शहर."

"मी असते तर तिथंच गेले असते," ती बोलून गेली. नानांनी तिच्याकडे पाहिलं आणि भिमाजीला हाक मारली.

बंगल्याच्या फाटकाशी बाईंचा माळी लहानू उभाच होता. "काल दिवस बुडायला आला बघा," तो म्हणाला. "तळवे सोलवटलेत. पाण्याला तोंड लावत नाय. तुमचा पत्ता माझ्यापाशी नव्हता, कुणाला कळवू?"

तो त्यांना मागच्या अंगणात घेऊन गेला. तिथं गुडघाभर उंच दगडी चौथरा होता. त्यावर तीन बाजूंना विटांच्या भिंती, समोरची बाजू पूर्ण मोकळी, वर उतरती कौलं. समोर दहा पावलांवर स्वयंपाकघराचं दार. दाराला कुलूप होतं. शाम्या चौथऱ्यावर पुढच्या पायांवर हनुवटी टेकून त्या दाराकडे बघत पडला होता. मोहिनी दिसल्यावर त्यानं दोनदा शेपूट आपटली, पण उठला नाही.

नाना त्याच्या शेजारी चौथऱ्यावर बसले. दगडावरून हात फिरवला, वर कौलांकडे पाहिलं. भर दुपारी तिथं गार वाऱ्याची झुळूक येत होती. बराच वेळ ते शाम्या बघत होता तिकडेच बघत राहिले.

"चुकलंच माझं," ते म्हणाले. "त्याला माणसं दिसाया पायजे होती. मी गुलाबांकडं तोंड करून बसवलं."

मोहिनी खाली बसून शाम्याच्या तळव्यांची माती पुसत होती. तिला एकदम रडू फुटलं. लग्न ठरल्यापासून ती घरात नीट वागत होती, सगळ्यांना हो म्हणत होती, ते सगळं तिथं परक्या अंगणात बाहेर आलं.

"मी पण अशीच परत आले तर, नाना?"

"ये की," नाना म्हणाले. "ह्याच्या दाराला कुलूप पडलं, म्हणून हा असा बसलाय. आपलं दार कोण लावतंय? फक्त अशी चालत येऊ नको. सव्वानवाची यस्टी असती."

ती रडता रडता हसली. मग नाक पुसून तिनं इतके दिवस मनात अडकलेलं विचारलं. "माझ्या जागी कुत्रा का आणला मग?"

"तुझ्या जागी?" नानांना ते खरंच कळलं नाही. कळल्यावर ते शाम्याचा कान चोळत राहिले. "पहाटे अंधारात एकट्यानं मळ्यात जायचं म्हणजे... तू असली की आपण बोलत जातो. कुणाशी तरी बोलाया लागतं ना माणसाला. तुझ्या आईला फुलंच दिसतात, बोलायचं सुचत नाय."

लहानू मागे उभा होता. त्याने घसा खाकरला. बंगला विकला गेला होता, नवा मालक महिन्याभरात सगळं पाडणार होता. "बाई सांगून गेल्यात, कुणाला काय लागलं तर नेऊ द्या. कौलं न्या तुम्ही. कुत्र्याचीच हायेत."

भिमाजी वर चढला, लहानू खालून झेलू लागला, मोहिनी आणि नाना टेम्पोत रचू लागले. शाम्या जागचा हलला नाही. अर्धं छप्पर उतरलं आणि ऊन थेट त्याच्या अंगावर आलं, तेव्हा त्यानं मान वर करून मोकळ्या वाशांकडे पाहिलं. मग तो सावकाश उठला. लहानूनं ठेवलेल्या बादलीतलं पाणी चपचप आवाज करत तळापर्यंत प्यायला, बंद दाराशी जाऊन उंबरा एकदा हुंगला आणि लंगडत टेम्पोजवळ येऊन उभा राहिला. तिघांनी मिळून त्याला वर चढवलं.

नाना आणि भिमाजीनं आठ दिवसांत तसंच घर उभं केलं. तीन भिंती, दगडी चौथरा, देवळालीची कौलं. ते बांधलं मात्र थेट ओट्यासमोर, घराच्या दाराकडे तोंड करून. मंगलाबाईनं कपाळाला हात लावला. "आता मांडव कुठं घालायचा?"

"मांडव जरा सरकवू," नाना म्हणाले.

त्या दिवशी संध्याकाळी कौलांवरची धूळही झटकली नव्हती, तेवढ्यात शाम्या चौथऱ्यावर चढला, तीनदा गोल फिरला आणि धप्पकन आडवा झाला.

वैशाखात मोहिनीचं लग्न त्या सरकलेल्या, एका बाजूला तिरक्या मांडवात झालं. दिंडोरीची वऱ्हाडी मंडळी जेवायला बसली, पण चौथऱ्याकडची पंगत शेवटपर्यंत भरेना. पाठवणीच्या वेळी गाडी निघाली, तेव्हा शाम्या मागोमाग चालत पाटाच्या पुलापर्यंत आला. मोहिनीनं मागच्या काचेतून पाहिलं. तो पुलावर थांबला, थोडा वेळ उभा राहिला आणि मग कुणी न बोलावता वळून घराकडे गेला.

पुढची सात वर्षं पहाटे मळ्यात नानांचा आवाज यायचा. भाव काय, पाऊस कसा, मोहिनीला मुलगा झाला, सगळं शाम्याला सांगून व्हायचं. भिमाजी म्हणायचा, गावच्या बातम्या आधी कुत्र्याला कळतात. मोहिनी माहेरी आली की दोन दिवस तो तिच्याच मागं असायचा, अंगणभर, विहिरीपर्यंत. दोन हजार चारच्या थंडीत तो झोपेतच गेला. नानांनी त्या दिवशी कुणाला खड्डा खणू दिला नाही, स्वतः खणला.

दोन वर्षांनी मोहिनी दिवाळीला आली, तेव्हा आजूबाजूचे निम्मे वाफे बुजले होते. पलीकडे प्लॉटच्या खुणांचे दगड उभे होते आणि संध्याकाळच्या वाऱ्याला सिमेंटचा वास होता. नाना ओट्यावर नव्हते. ते चौथऱ्यावर, कौलांखाली पोतं अंथरून पेपर वाचत बसले होते.

"नाना, कुत्र्याच्या घरात काय बसलात?"

"जागा चांगली हाय," ते म्हणाले. "वारा येतो. दार दिसतं. ये, बस."

ती वाकून आत शिरली आणि त्यांच्या शेजारी बसली. विटांना अजून त्याचा वास आहे का, ते तिला ओळखता येईना. बिल्डरचा माणूस दोनदा येऊन गेला, पण एवढे चार वाफे आहेत तोवर आपण द्यायचे नाहीत, असं नाना सांगत होते. मंगलाबाई चहा घेऊन ओट्यावर आली. दोघं आत बसलेली पाहून तिनं तोंडाला पदर लावला. "उठा तिथनं, गावातली माणसं हसतील," ती म्हणाली. कुणी उठेना, तेव्हा ती तिन्ही कप घेऊन अंगण ओलांडून आली, पायरीवर चप्पल काढली आणि म्हणाली, "सरका जरा तिकडं."