चाकाची बैठक

मी एका मोटारीचं चाक बोलतोय. आता मोटार राहिली नाही, टायरही नाही, नुसती लोखंडी तबकडी उरलीय, पण तुम्ही चाकच म्हणा. लोणावळ्यात नसीर मिस्त्रीच्या गॅरेजमागं घाणेरीच्या झुडपात पडून असतो. माझ्यात साठलेलं पाणी कोंबड्या पितात, तेवढाच माझा उपयोग.

जन्म मुंबईच्या कारखान्यातला. दाबून, ठोकून मला गोल केलं आणि एका काळ्या मोटारीला जोडून दिलं. ती घेतली एका शेठनं. लोणावळ्यात त्यांचा बंगला होता. उन्हाळ्यात ते हवा खायला यायचे, बाकीचं वर्ष मी गाडीखान्यात उभा. मोटार चालवायला भाजे गावचा धोंडिबा होता. शेठपेक्षा त्याचाच माझ्यावर जीव. पुढं शेठ थकले, बंगला विकून निघाले, तेव्हा मोटार त्यांनी धोंडिबालाच देऊन टाकली. मी टॅक्सीचं चाक झालो.

मग काय, पाहुण्यांना घेऊन कधी भुशीचं धरण, कधी कार्ल्याच्या लेण्यांचा पायथा. माणसांची एक गंमत तेव्हा पाहिली. गाडीत बसण्याआधी स्वतःला जाणता समजणारा माणूस चाकाला एक लाथ हाणतो आणि मान डोलावतो. त्यातून त्याला काय कळतं, ते मला अजून कळलेलं नाही.

कळायचं ते नसीरला. धोंडिबाचा हा जिवलग दोस्त. चाक जिथं गाडीला टेकतं आणि नट जिथं आवळले जातात, त्या जागेला तो ‘बैठक’ म्हणायचा. तिथं लोखंडाला लोखंड भिडलं पाहिजे, हे त्याचं कायमचं टुमणं. मधे रंगाचा थर राहिला की नट त्या थरावरच आवळले जातात, रंग चेपला की सैल पडतात. लोक दसऱ्याला हौसेनं चाकं रंगवायचे आणि नसीर कुरकुरत एका जुन्या पात्यानं बैठकीवरचा रंग खरवडत बसायचा.

धोंडिबाची एकुलती एक लेक गंगी. तिला कामशेतच्या रखमाजींच्या मुलाचं स्थळ सांगून आलं. साठ सालच्या आसपासची गोष्ट. आपल्याकडं मानपान, तिथी ठरवायला दोन्हीकडची माणसं बसतात, त्यालाही बैठकच म्हणतात. ती धोंडिबाच्या घरी ठरली. आदल्या दिवशी नसीरनं ग्रीस भरायला आम्हा चाकांना उतरवलं आणि अंगणात टेकवून ठेवलं. शेठच्या बंगल्याच्या फाटकाला लावून उरलेला हिरवा रंग गंगीनं कुठून तरी शोधून काढला आणि आम्हाला रंगवायला बसली.

काय रंगवलं तिनं! पुढून, मागून, नटांच्या भोकांतून, वाळला की पुन्हा वरून. मुलगा तिनं वेहेरगावच्या जत्रेत पाहिला होता आणि तो तिला फार आवडला होता. घरात हे बोलायची सोय नव्हती. माझ्यावर कुंचला फिरवता फिरवता हळूच म्हणाली, “त्यानं आपल्या आईच्या हातातली पिशवी मागून घेतली बघ. तवाच ठरवलं, ह्योच.” मला इतकं आतलं कुणी कधी सांगितलं नव्हतं. त्या दिवशी मी खरंच सुखावलो.

सकाळी धोंडिबाला पाहुण्यांना आणायला स्टेशनवर जायची घाई. नसीरची वाट न बघता त्यानं चाकं स्वतःच चढवली. पाहुणे घेऊन आम्ही नसीरच्या गॅरेजवरून गेलो, तेव्हा त्याची नजर माझ्यावर पडली. हिरवागार रंग आणि माझी थरथर पाहून तो काय ते समजला. पण तो एका ट्रकखाली होता, ट्रक जॅकवर उचललेला. तो तसा टाकून येणं शक्य नव्हतं. मग त्यानं स्टेशनच्या कोंडू हमालाला हाक मारली आणि पाहुणे परतीला गाडीत बसायच्या आत धोंडिबाला निरोप पोचव म्हणून बजावलं.

कोंडू बिचारा पळत आला. आत चहा चालला होता, मानपानाचं जुळलं होतं, गंगी आडोशाला उभी होती. कोंडूनं उंबऱ्यातूनच निरोप सांगितला, अगदी शब्दाला शब्द.

“धोंडिबा, नसीर मिस्त्री सांगतोय, बैठक बराबर न्हाई. तशीच पुढं नेली तर मधीच सुटंल.”

मी अंगणात उभा. मला लगेच कळलं कुठली बैठक ते. पण त्या खोलीत त्या घडीला एकच बैठक होती. धोंडिबासुद्धा गोंधळला, जन्मभर नसीरच्या तोंडून ऐकलेला शब्द त्याला तेव्हा आठवला नाही. रखमाजींनी कप खाली ठेवला. मिस्त्री धोंडिबाच्या घरच्यासारखा माणूस, तो म्हणतो त्या अर्थी पोरीचं काही तरी असणार, असं त्यांना वाटलं. “आमी इचार करून कळवतो,” म्हणाले आणि उठले. विचार करून कळवतो म्हणजे काय, हे गंगीलाही कळत होतं. आमच्या गाडीतही ते बसले नाहीत, स्टेशनपर्यंत चालत गेले.

धोंडिबा रागानं गाडीत बसला आणि नसीरला जाब विचारायला निघाला. बाजाराच्या अलीकडं माझे नट सुटले आणि मी गाडी सोडून गटारात गेलो. धोंडिबा उतरला, माझ्यापाशी बसला, बैठकीवरचा चेपलेला रंग त्यानं बोटानं चाचपला आणि डोक्याला हात लावला.

दुसऱ्या दिवशी दोघं कामशेतला गेले. नसीरनं मला खांद्यावर घेतलं होतं, पुरावा म्हणून. हे चाक, ही बैठक, हा रंग, असं तो परोपरीनं सांगत राहिला. रखमाजी वाईट माणूस नव्हते. त्यांनी माझ्यावरून नख फिरवलं.

“मला पटलं, मिस्त्री,” ते म्हणाले. “पन कालच भावकीत बोलून बसलोय. आता चाक दावून कुनाकुनाची तोंडं धरू?”

परत आलो तेव्हा गंगी गॅरेजात येऊन उभी होती. तिनं नसीरच्या हातातलं पातं घेतलं आणि मला खरवडायला लागली.

“पोरी, तेवढी बै...” नसीर म्हणाला आणि थांबला. “तेवढी टेकायची जागा साफ कर, बाकीचा ऱ्हाऊ दे. लोखंड गंजंल.”

“गंजू दे, चाचा.”

तिनं कणभरही हिरवा रंग ठेवला नाही. त्या पात्याखाली मला फार लागलं, आणि ते लोखंडाला लागणं नव्हतं.

‘मधीच सुटंल’ हे शब्द मात्र तिला चिकटले, ते कुणाला खरवडता आले नाहीत. आलेलं प्रत्येक स्थळ आडून आडून तेच विचारायचं. शेवटी तिला शिरगावला दुसरेपणावर दिली. नसीर त्यानंतर कधी बैठक म्हणाला नाही. टेकायची जागा, म्हणायचा. धोंडिबाची मोटार पुढं भंगारात गेली, मला तेवढं नसीरनं ठेवून घेतलं. गंजत गंजत माझी भोकंही आता मोठी झालीत.

आज तुमच्यापुढं मी इतका वेळ बडबडलो. त्या दिवशी अंगणातून मला एवढंच म्हणता आलं असतं तरी पुरे होतं: अहो, बसा, उठू नका. ती बैठक माझी हो, गंगीची नाही.