पडद्यावरचे मामंजी

“वैनी, माझ्या आईचं काही कुठं सापडलं, तर मला आधी सांगायचं. ध्यानात ठेवा.”

माझी नणंद गोपिका शहागडला सासरी निघाली, तेव्हा असं बोलली होती. ती तान्ही असतानाच तिची आई, म्हणजे माझ्या सासूबाई चांगुणाबाई, गेल्या. त्यांना मीही पाहिलं नाही. घरात फोटोही नाही. मी “सांगीन” म्हटलं होतं.

बहात्तरचा दुष्काळ सरला त्याच्या पुढच्या हिवाळ्यात आमच्या वाटूरला सिनेमाची गाडी आली. निजामाच्या राज्यात कुणीतरी आमच्याच गावात फिरून काढलेला जुना मूकपट होता. खळं, मोटेचं पाणी, ओसरीवर भाकरी खाणारी माणसं. त्यात गोष्ट अशी नव्हतीच, तरी नजर हलेना. रोजचंच जगणं ते, पण त्यातलं आता कुणी उरलं नव्हतं.

मग एक बारसं आलं. पाळण्याभोवती बायका, आणि दारात पटका बांधलेले माझे सासरे, आबाराव.

माझा हात आपोआप पदराला गेला. पदर पुढं ओढून मी मान खाली घातली. ते जाऊन किती वर्षं झालेली, पण त्यांच्यासमोर मी कधी तोंड वर केलं नव्हतं.

शेजारची म्हातारी साळूबाई म्हणाली, “अगं, चांगुणा दिसली! लेकराला पाळण्यात घालताना पदर पडला तिचा. बराबर गोपिकाचं नाक.”

मी पदर सारला तोवर पडद्यावर बैल पाणी पीत होते.

“तू काय करू राह्यली होतीस?”

“मामंजी होते ना.”

“ते काय खाली उतरून रागावणार होते का तुला?”

खेळ संपल्यावर मी गाडीवाल्या अण्णासाहेबांना विचारलं, “परत दाखवता का?”

“न्हाई बाई. रीळ जुनं, तुटायला झालंय. उद्या संध्याकाळी जांबला एकदा लावायचं, मंग ते गेलं कायमचं.”

रात्रभर डोळा लागला नाही. मारुतीपुढचा सांजदिवा मी आजवर दुसऱ्याच्या हाती दिला नव्हता. जांबला गेलं तर नेम मोडतो. न गेलं तर गोपिकाला आई दिसायची राहते, ती कायमचीच.

उजाडता उजाडता सुनेला, उषाला, उठवलं. वाती आणि तेलाची बुधली तिच्या हाती दिली.

“आजचा दिवा तू लाव.”

“आणि तुम्ही?”

“शहागडला जाते. गोपिकाला जांबला न्यायचंय.”

उषानं वाती पदराला बांधल्या. मी देवाला हात जोडले आणि एसटीच्या फाट्याकडं निघाले.